चिठ्ठीत आलेलं वचन आणि मधली सत्तर वर्षं

ताई, सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचणाऱ्यांसाठी त्याचा गाभा थोडक्यात सांगतो. एकतीस डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत थाळीतून तुमच्या हाती वचनाची चिठ्ठी आली, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातली, २९:११. देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं सांगणारं ते वचन. मुलाचं इंजिनिअरिंग होऊन तीन वर्षं झाली होती आणि नोकरी नव्हती, म्हणून ही चिठ्ठी तुम्ही त्याच्या नोकरीसाठी धरून ठेवलीत. मिळकतीचा दशांश मंडळीला द्यायला चुकला नाहीत, दर शुक्रवारी उपास केलात. वर्ष सरलं, दुसरंही अर्धं गेलं. मग बाहेरगावाहून आलेल्या, प्रवचनं करत फिरणाऱ्या एका सेवकांनी तुमच्या घरी प्रार्थना करताना सांगितलं, "या घरात कुठेतरी आज्ञाभंग आहे, म्हणून अभिवचन अडकलंय." तेव्हापासून तुम्ही रात्र रात्र जागून आपली आणि मुलाची पापं आठवत बसताय. आणि विचारताय, "पाळकसाहेब, विश्वास कमी पडला की आज्ञापालन? नेमकं काय केलं म्हणजे वचन पूर्ण होईल?"

आधी सरळ उत्तर देतो, मग सविस्तर बोलू. मुलाला नोकरी नाही यावरून तुमच्या घरात आज्ञाभंग आहे असं कुणालाही सांगता येत नाही. पवित्र शास्त्रात, नीतिमान असूनही सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी हेच केलं होतं, आणि शेवटी देवाचा राग ईयोबावर नाही, त्या मित्रांवर निघाला. ते पाप शोधणं आजपासून थांबवा. रात्री झोपा.

आता चिठ्ठीकडे वळू. एकतीस वर्षं मी नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांमध्ये सेवा करतोय आणि दरवर्षी त्या चिठ्ठ्या कापायला मीही बसतो. प्रथा वाईट नाही. वर्षाच्या सुरुवातीला एक वचन तोंडपाठ होतं, फ्रिजवर चिकटतं, येता-जाता दिसतं. अडचण एवढीच की कात्रीने वचन कापलं की त्याच्या मागचं-पुढचंही कापलं जातं. तुमच्या चिठ्ठीच्या बाबतीत जे कापलं गेलं तेच तुम्हाला आज सगळ्यात जास्त हवं आहे.

यिर्मयाचा एकोणतिसावा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा, म्हणजे बॅबिलोनचा, राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून तिथला राजा यखन्या, राजमाता, सरदार, सुतार, लोहार यांना उचलून बाबेलला नेलं. ही माणसं परक्या मुलखात बसून आज सुटू, उद्या सुटू म्हणत दिवस मोजत होती. यिर्मयाने त्यांना यरुशलेमेहून पत्र धाडलं. पत्रात आधी काय आहे? घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलांची लग्नं लावा. आणि ज्या नगरात तुम्हाला कैद करून आणलं त्याच नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याचं बरं झालं तर तुमचंही बरं होईल. मग दहाव्या ओवीत येतात सत्तर वर्षं. बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमचा समाचार घेईन आणि तुम्हाला परत आणीन. आणि त्यानंतर, अकराव्या ओवीत, तुमची चिठ्ठी.

म्हणजे ते पत्र ऐकायला जमलेल्यांपैकी चाळिशीच्या माणसाला कळून चुकलं की आपण काही परत जात नाही. आपली नातवंडं जातील. हिताचे संकल्प हे होते! ज्यांना हे वचन मिळालं त्यांतले बहुतेक ते पूर्ण झालेलं न बघताच बाबेलच्या मातीत गेले, आणि तरी ते वचन त्यांचंच होतं.

यात आपल्या मराठीची एक गंमत आहे. मूळ इब्रीत हे "तुम्ही" अनेकवचनी आहे, एका अख्ख्या समाजाला उद्देशून. मराठीत मात्र "तुम्ही" आदरार्थीही असतं. तेव्हा एकटं माणूस हे वचन वाचतं तेव्हा त्याला वाटतं, देव अदबीने मला एकट्यालाच म्हणतोय. मी वीसेक वर्षं तसंच वाचत होतो. एकदा सेमिनरीतल्या जुन्या वह्या चाळताना ते अनेकवचन डोळ्यांत भरलं आणि मी खुर्चीत मागे टेकून बसलो. या वचनातून तुम्हाला एकटीला काही मिळत नाही असं म्हणायचं नाही मला. देव सगळ्या लोकांचं हित बघतो त्यात तुम्ही आणि तुमचा मुलगा आलातच. पण "या वर्षी, याला, या कंपनीत" असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. ते आपण पेन्सिलने लिहिलं. देवाने न लिहिलेलं खरं ठरलं नाही म्हणून देव खोटा ठरत नाही, आणि तुमचा विश्वासही खोटा ठरत नाही.

याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा येतो. तोही परमेश्वराच्या नावाने बोलतो. सत्तर नाही, दोनच वर्षांत राजा, कैदी आणि मंदिराची पात्रं परत येतील, म्हणतो. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर लाकडी जू घेतलं होतं, ते हनन्या सगळ्यांदेखत काढून मोडतो. मंदिर भरलेलं, लोकांना काय हवंय ते तो बरोबर ओळखतो. यिर्मयाचं उत्तर मला फार आवडतं. तो म्हणतो, आमेन, परमेश्वर असंच करो! त्यालाही दोन वर्षंच हवी होती. पण मग तो सांगतो की शांतीचं भाकीत करणारा संदेष्टा खरा की खोटा हे ते घडल्यावर कळतं, आणि जू मोडल्यावरही हुज्जत न घालता आपल्या वाटेने निघून जातो. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला. यरुशलेम शहर पडलं ते इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास.

तारीख सांगणारे हनन्या आजही गावोगाव फिरतात, ताई. "तीन महिन्यांत दार उघडेल." "हे दानाचं बीज पेरा, शंभरपट येईल." दार उघडलं नाही की त्यांचा दुसरा कागद तयारच असतो: तुमचा विश्वास कमी, तुमचं आज्ञापालन कमी. भाकीत त्यांचं आणि खोट तुमच्यात!

आता तुम्ही म्हणाल, मग आज्ञापालनाला काही अर्थच नाही का? आहे. फार आहे. फक्त ते किंमत म्हणून मोजलं की बिघडतं.

आपण मुलाबद्दल म्हणतो, "तो माझं ऐकत नाही." त्याच्या कानाला काही झालेलं नसतं. आपल्याकडे ऐकणं म्हणजे कानावर घेणंही आणि सांगितलेलं करणंही. इब्रीत तसंच आहे. "शमा" म्हणजे ऐकणं आणि शमा म्हणजेच मानणं. आज्ञा पाळणं यासाठी तिथे वेगळा शब्द शोधावा लागत नाही. नव्या करारात इब्री लोकांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट बघा. मिसरातून निघून अरण्यात मेलेले लोक विसाव्यात, म्हणजे देवाने कबूल केलेल्या देशात, का गेले नाहीत? अठराव्या ओवीत कारण दिलंय अवज्ञा, एकोणिसाव्यात अविश्वास. लेखकाचं लक्ष चुकलेलं नाही. एकच गोष्ट तो दोन बाजूंनी दाखवतोय. कादेश-बर्ण्याला उभं राहून बारा हेर चाळीस दिवस देश बघून आले, दहा जण म्हणाले जमणार नाही, आणि लोकांनी पाय मागे घेतला. तो मागे घेतलेला पाय हाच त्यांचा अविश्वास होता. दुसऱ्या दिवशी उपरती झाल्यावर तेच लोक म्हणाले, चला, आता चढाई करतो. मोशे म्हणाला, आता जाऊ नका, परमेश्वर तुमच्यामध्ये नाही. तरी गेले आणि हर्म्यापर्यंत मार खात आले. या दुसऱ्या दिवसावर प्रवचन सहसा होत नाही. धाडस तर भरपूर होतं, काल सांगितलेलं काम आज करायची तयारीही होती, फक्त आज देव काय म्हणतोय ते कुणी ऐकलं नव्हतं.

म्हणून वचन घेऊन कुणी माझ्याकडे आलं की मी तीन-चार गोष्टी विचारतो. हे मूळ कुणाला सांगितलं होतं? त्याला अट जोडली आहे का? अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातले आशीर्वाद आणि शाप एका राष्ट्राशी केलेल्या कराराचे आहेत, तिथे "तू ऐकलंस तर" हे शब्द आहेत. उत्पत्ती या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात मात्र कापलेल्या पशूंच्या तुकड्यांमधून धुमसती भट्टी आणि मशाल जाते, अब्राम (पुढचा अब्राहाम) गाढ झोपलेला असतो. करार करणारा एकटा देव. आणि ख्रिस्तात ते वचन आपल्यापर्यंत कोणत्या रूपात पोचतं? पापांची क्षमा, पवित्र आत्मा, जगाच्या शेवटापर्यंत सोबत, पुनरुत्थान, ही वचनं प्रत्येक विश्वासणाऱ्याला आहेत आणि त्यांत चिठ्ठीचा काही संबंध नाही. नोकरी, बोअरचं पाणी, व्हिसा यांच्यासाठी प्रार्थना खुशाल करा, हट्टाने करा, पण त्यांना अभिवचन म्हणू नका. प्रेषित पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली. काटा तसाच राहिला आणि उत्तर मिळालं ते कृपेचं. पौलाचं आज्ञापालन कमी पडलं असं म्हणायला तो सेवकही धजणार नाही.

बोअरवरून आठवलं. आमच्या मंडळीतले एक शेतकरी बोअर घेण्याआधी प्रार्थनेसाठी मला शेतावर घेऊन गेले. मी गेलो. बांधावरून चालताना त्यांच्या भावाच्या रानाकडे बघायचं ते टाळत होते. हळूहळू निघालं की वडील गेल्यापासून दरवर्षी नांगरताना बांध कोरत कोरत यांनी दोनेक हात पलीकडे सरकवला होता. भावाशी बारा वर्षं बोलणं नाही आणि दोघं प्रभुभोजनाला एकाच रांगेत. मी म्हटलं, अनुवादात शेजाऱ्याची सीमा सरकवू नको असं स्वच्छ लिहिलंय, आणि प्रभूने सांगितलंय की अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. मी आज प्रार्थना करीन, पण तुमच्यासाठी देवाचं वचन आज पाण्याबद्दल नाही, बांधाबद्दल आहे. रागावले. आठवड्याने मोजणी न करताच, दोन पंचांसमोर, बांध मागे घेतला. मग बोअर घेतलं. तीनशे फूट गेलं आणि नुसता फुफाटा उडाला.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण साक्षीच्या सभेत अशा गोष्टीला शेवटी पाणी लागतंच. इथे लागलं नाही. मी त्यांना विचारलं, बांध दिल्याचा पस्तावा होतो का? म्हणाले, "साहेब, पाणी लागलं असतं तर मला वाटलं असतं मी सौदा केला." पुढे बोलले नाहीत, बिडी पेटवली. (बिडीबद्दलही मी त्यांना सांगून थकलो आहे, तो वेगळा विषय.) नाताळाला मात्र दोन्ही घरच्या बायका एकाच ओट्यावर करंज्या करतात, हे मी बघतो.

तुमच्या सद्सद्विवेकबुद्धीला असं काही नेमकं टोचत असेल, कुणाचे पैसे, कुणाशी धरलेला अबोला, तर ते जरूर सोडवा. पवित्र आत्मा दाखवतो तेव्हा नाव घेऊन दाखवतो. "कुठेतरी काहीतरी" असं धुक्यासारखं दोषी वाटवणं ही त्याची पद्धत नाही. आणि सोडवलंत तर ते बरोबर आहे म्हणून सोडवा, मुलाच्या नोकरीसाठी टाकलेला हप्ता म्हणून नको.

आता माझं स्वतःचं. त्या सेवकांवर मी एवढा बोललो, पण त्यांचं वाक्य मीही वापरलेलं आहे. सेवेच्या सहाव्या वर्षी मला यशया ५४:२ मिळालं, आपल्या डेऱ्याची जागा प्रशस्त कर. आमचं उपासनागृह लहान पडत होतं. मी व्यासपीठावरून जाहीर केलं की देवाने नवं सभागृह द्यायचं ठरवलंय. पंच म्हणाले, साहेब, दोन पावसाळे जाऊ द्या, माणसं ऊसतोडीला जातात, वर्गणी कुठून येणार? मी म्हणालो, "तुमचा विश्वास कमी आहे." एका पतसंस्थेतून कर्ज काढलं. कॉलम उभे राहिले. पुढची दोन्ही वर्षं पाऊस रुसला आणि हप्ते थकले. बायकोच्या पाटल्या गेल्या. चार वर्षं ते गंजलेले गज आकाशाकडे बघत उभे होते आणि मी रोज सकाळी त्यांच्या खालून जायचो. त्या म्हाताऱ्या पंचांची मी नंतर घरी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "बसा, चहा घ्या."

अब्राहामाला हे माझ्याआधी कळलं होतं. पंचाहत्तराव्या वर्षी तो वचन घेऊन हारानहून निघाला. दहा वर्षं वाट बघून सारा म्हणाली, माझी दासी हागार घे, आणि शहाऐंशीव्या वर्षी इश्माएल झाला. वचनावर विश्वास होताच, म्हणून तर ते पूर्ण करायची घाई झाली. सोळाव्या अध्यायाच्या शेवटी तो शहाऐंशी वर्षांचा आहे आणि सतराव्याच्या पहिल्या ओवीत नव्याण्णव. मधल्या तेरा वर्षांबद्दल पवित्र शास्त्र एक अक्षरही लिहीत नाही. शंभराव्या वर्षी इसहाक आला. वचन रद्द झालं नव्हतं. पण घाईचं ओझं हागारेने आणि त्या पोराने वाहिलं, अरण्यात, पाण्याची मसक रिकामी झाल्यावर. तिथे देवाने मुलाचा आवाज ऐकला. इश्माएल या नावाचा अर्थच देव ऐकतो. त्यात तोच शमा आहे. आपण त्याचं ऐकलं नाही तेव्हाही तो ऐकतो, हे माझ्या गंजलेल्या गजांखाली मला उशिरा कळलं.

यिर्मयाकडे परत येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला बत्तिसाव्या अध्यायात सापडतं. यरुशलेमेला बाबेलच्या फौजेचा वेढा पडलाय. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत आहे, कारण शहर पडणार असं तो सांगतो. तेव्हा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत तू विकत घे. अनाथोथ शत्रूच्या ताब्यात, बाजारभाव शून्य. देव म्हणतो, घे. यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो, खरेदीखत लिहितो, मोहोर लावतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो आणि मोहोरबंद आणि उघडी, दोन्ही खतं मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो, पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून. कारण या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील असं देवाने म्हटलंय.

हे सगळं झाल्यावर, पैसे दिल्यावर, तो प्रार्थना करतो. ती प्रार्थना वाचा. प्रभू, हल्ल्यासाठी रचलेले मोर्चे शहराला भिडलेत, शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती जातंय, आणि तू मला म्हणतोस शेत घे? आधी केलं, मग विचारलं. त्याचा विश्वास शंका नसण्यात नव्हता. सतरा शेकेल तोलले त्यात होता. त्या शेतात त्याने कधी नांगर घातला नाही. त्याची शेवटची बातमी मिळते ती मिसर देशातली, तिथे त्याला लोकांनी जबरदस्तीने नेलं होतं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर केडगावच्या पंडिता रमाबाईंचं देईन. बायाबापड्यांना कळेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र आणायचं म्हणून त्यांनी उतारवयात इब्री आणि ग्रीक यांचा अभ्यास केला. त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुलींनी छपाईचं काम शिकून घेतलं. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं, पण संपूर्ण ग्रंथ बाहेर आला तो त्यांच्या पश्चात. मडक्यातलं खरेदीखत म्हणतात ते असं.

मग तुम्ही काय करायचं? मला विचाराल तर यिर्मयाच्या पत्राचा पहिला भाग करायचा. घर बांधा, मळा लावा. मुलाला हव्या त्या पदाची नोकरी मिळेपर्यंत आयुष्य सुरूच होणार नाही असं घरात वातावरण झालंय, ते मोडा. तालुक्याला तीन महिन्यांचं काम मिळत असेल, कुणाच्या वर्कशॉपमध्ये, कोचिंग क्लासमध्ये, तर त्याला घेऊ द्या. ते घेतल्याने वचनावरचा विश्वास उडाला असं होत नाही. बाबेलमध्ये लावलेला मळा हेच आज्ञापालन होतं. आणि तो घरात असताना त्याच्यासमोर त्याच्यासाठी रडून प्रार्थना करू नका. तुमच्या पत्रात एक ओळ सहज आली आहे, "तो हल्ली उपासनेला यायला टाळतो." मला वाटतं तो देवाला टाळत नाही. आपण आईच्या न फळलेल्या वचनाचं चालतंबोलतं कारण आहोत, हे त्याला दर रविवारी सहन होत नाही. त्याच्याकडे तुमच्या एका माफीची बाकी आहे असं मला वाटतं, आणि हीच कदाचित तुमच्यासाठी आत्ताची आज्ञा असेल. नक्की तुम्हीच ठरवा.

उपासाबद्दल. तुम्ही साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या, गोळ्या घेता असं लिहिलंय. गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहणं धोक्याचं आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढचा शुक्रवार करू नका. आणि गोळी बंद करून विश्वास दाखवा असं कुणी सांगितलं तर त्याला उंबऱ्यावरूनच सलाम करा. दशांश द्या, आनंदाने द्या. दशांशाबद्दलचं मलाखी संदेष्ट्याचं वचन भांडारात अन्न असावं म्हणून आहे. तुमच्या गल्लीत कुणाच्या डब्यात अन्न नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

चिठ्ठी टाकून देऊ नका. ती यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायात खूण म्हणून घाला आणि एखाद्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर चौथ्या ओवीपासून चौदाव्यापर्यंत मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही फक्त ऐका. आणि ते बाहेरगावचे सेवक पुन्हा घरी आले तर चहा द्या, हवं तर जेवायला थांबवा, चिठ्ठी मात्र दाखवू नका.